मीरगुल आली नाही

४ ऑक्टोबर
आज कामावर रुजू झाले. प्रसूतिगृहाच्या प्रयोगशाळेची खिडकी माझी. बाहेर जर्दाळूचं झाड, आत शेगडी, चहाला समोवार. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता लेक चोलपोनच्या गावात राहायला मिळालं. तिला पाचवा महिना आहे.

काम सोपं. नर्स रक्त काढते, बाई आपली नळी मुठीत धरून खिडकीशी येते. मी नाव लिहायचं, चिठ्ठी चिकटवायची, काही खाल्लंय का विचारायचं. डॉक्टर सोनुन एजे वरच्या मजल्यावर बसतात. एजे म्हणजे ताई; बायका मलाही एजेच म्हणतात. त्यांनी बजावलं, की खाल्लेलं असलं तरी नळी फेकायची नाही, आधी मला विचारायचं. इथे सासूच्या हातचा नान चाखल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. एजे हसून म्हणाल्या, यंत्राला सुनेची साखर कळते, सासूची माया कळत नाही.

१२ ऑक्टोबर
कपाटात एक जुनं पुस्तक सापडलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायचं मी सोडलं नाही. बाळाच्या वारेतून आईच्या रक्तात एक द्रव्य उतरतं. ते कमी पडलं तर पुढे रक्तदाब चढणार हे काही आठवडे आधीच कळतं. साखरेचंही तसंच. केवढी गोष्ट आहे ही! थेंबभर रक्तात पुढचं लिहिलेलं असतं.

१९ ऑक्टोबर
खिंडीपलीकडून मीरगुल आली होती. सातवा महिना, गालावर थंडीचे लाल डाग. लोकरीच्या ट्रकमध्ये बसून तीन तासांनी पोचली. खाल्लंस का विचारलं तर ओठ चाटत म्हणाली, मध लावलेला नान, एवढासाच, सासूबाईंना नाही कसं म्हणू? मी म्हटलं, यंत्र तुझ्या सासूला भीत नाही, दोन आठवड्यांनी उपाशी ये. ती हसली. मग म्हणाली, एजे, आता काढलंच आहे तर ठेवा ना.

जिने चढून विचारायला हवं होतं. चोलपोनकडे जेवायला बोलावलं होतं, उशीर होत होता. नळी मोरीत ओतली. वहीत लिहिलं – आली नाही.

३ नोव्हेंबर
बर्फ. खिंड बंद. मीरगुल येऊ शकली नाही.
पुस्तकात आज एक ओळ सापडली. तीन महिन्यांची साखर आणि वारेतलं ते द्रव्य, या दोन तपासण्यांना उपाशी असावं लागत नाही. सकाळच्या घासाने त्यात फरक पडत नाही.
ओळ तीनदा वाचली.

१० नोव्हेंबर
मीरगुल गेली. रक्तदाब चढला, झटके आले, बर्फ उपसून गाडी येईपर्यंत संपलं. बाळही.
सोनुन एजेंनी वही उघडून पाहिली. म्हणाल्या, बिचारी आलीच नाही गं, आली असती तर कधीच कळलं असतं. मी चहात चमचा फिरवत राहिले.
नवरा गेला ते दुःख माझ्याबरोबर राहतं, जेवतं, झोपतं. त्यात माझा दोष नव्हता. हे तसं नाही.

१७ नोव्हेंबर
सकाळी बारा नावं लिहिली. स्टँडमध्ये नळ्या तेरा. तेरावीला चिठ्ठी नाही. हातात घेतली तर कोमट.
मोरीत ओतली. पुन्हा.

१८ नोव्हेंबर
आजही तेरा. मोरी चिकट झाली आहे. सोडा टाकून घासली. मधाचा वास जात नाही.

२० नोव्हेंबर
खिडकी उघडण्याआधी काचेपलीकडे एक हात. बाही वर सारलेली, मूठ मिटलेली. आवाज आला, एजे, आज काहीच खाल्लं नाही.
उघडली. कोणी नाही. बर्फावर पाऊलही नाही.

२३ नोव्हेंबर
वहीत आजच्या बाराही नावांपुढे – आली नाही. अक्षर माझं. आणि त्या बाराही जणी बाकावर बसून गप्पा मारत होत्या.

२४ नोव्हेंबर
सांगायचं ठरवलं. जिने चढले. सोनुन एजे म्हणाल्या, ये, चेहरा का उतरलाय, चहा घे. चहा घेतला. खाली आले.

२५ नोव्हेंबर
आज चोलपोनची तपासणी. काल रात्री माझ्याकडेच राहिली होती. निघताना सवयीने तिच्या तोंडात नानाचा तुकडा घातला – मीच. ती हसली, अपा, खिडकीवर बायकांना ओरडतेस आणि घरी हे?
तिने नळी माझ्या हातात दिली. मी स्टँडमध्ये ठेवली. नाव लिहिलं.

नळी नाही.
नावापुढे – आली नाही. शाई ओली.
बाक रिकामा. नर्स म्हणते, तुमची लेक आज आलीच नाही. सोनुन एजेही तेच –

खरं लिहिते आहे. वहीत. मीरगुल आली होती. रक्त दिलं होतं. मी ओतलं. तीनदा लिहिलं, तीनदा शाई विरली आणि खाली तेच दोन शब्द –

म्हणून इथे, माझ्या रोजनिशीत.

काचेपलीकडे हात. आज दोन. एकाची बाही निळी, मीच विणलेली –
अपा, काहीच खाल्लं नाही, म्हणते आहे –

उघडते. सोनुन एजे, हे वाचाल तर – एकोणीस तारखेला मीरगुल आली होती, आणि मी तिचं