दंडावरचा खिळा

झरी, ता. तलासरी

मेहुणे काकड्या यांस,

झरीहून चिमण भगताचा रामराम. हिरव्यादेवाच्या कृपेने इथे सगळे आहोत (मीसुद्धा आहे, तुमच्या नरपडपर्यंत वेगळंच पोचलं असं ऐकलं, म्हणून मुद्दाम लिहितो). तुझी तब्येत, वाडीतले चिकू, सगळं बरं ना? फोनवर तू ‘हां हां’ म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही.

तर गेल्या सोमवारी सकाळी माझ्या हातातून भाकरीचा तुकडा पडला. उचलला, परत पडला. तोंडही एका बाजूला गेलं. मी स्वतःच भगत, तेव्हा तपासणी माझी मीच केली, वारं लागलंय असं ठरवलं आणि दाणे बघून कौल लावायला तांदूळ मागितले. पण जीभ जड झालेली, त्यामुळे तुझ्या बहिणीला, सोनीबाईला, काही कळेना (कळलं असतं तर अजून दाणेच बघत बसलो असतो). तिने शेजारच्या मिथुनची जीप बोलावली आणि मला हद्दीपलीकडे गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, डोक्यातली रक्ताची नळी तुंबलीय. कुठे तुंबलीय ते एमआरआयमध्ये बघायचं आणि लगेच औषध द्यायचं, कारण उशीर झाला तर ते औषध देता येत नाही. पण ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक. कानातली बाळी निघाली, करगोट्याची किल्ली निघाली, राहिला दंडावरचा ताईत. त्यात लोखंडी खिळा. असा खिळा मी अर्ध्या गावाला बांधलाय, तुलाही बांधलाय, आणि प्रत्येकाला बजावलंय की जो सोडील त्याचा हात झडेल. (माझा हात तर आधीच गेला होता, पण ते तेव्हा सुचलं नाही.) मी डाव्या हाताने ताईत घट्ट धरून बसलो. मशीनवाला ओरडतोय, “काका, टाइम जाय छे!” शेवटी सोनीबाई पुढे आली. “तूच बांदलास ना? मंग गुमान बस. मी सोडते. झडला तं माझा हात झडंल.” आणि गाठ सुटेना म्हणून तिने दोरा दातांनी तोडला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कोणी असं बोललं नव्हतं. मला रडू आलं (डॉक्टरांनी ते लकव्याच्या खात्यात लिहून घेतलं).

आत लग्नातल्या बँजोवाल्यांनी एकच सूर धरून ठेवावा तसा आवाज. नंतर फोटो दाखवला. नळ्यांचं झाड, आणि डावीकडची एक फांदी मध्येच संपलेली. पाटात पाचोळा अडकला की पुढचं खाचर कोरडं पडतं, तसंच. मग सुईतून औषध दिलं. संध्याकाळी बोटं हलली. सोनीबाईचे दोन्ही हात शाबूत आहेत, हे मी रोज बघतो.

बाकी क्षेम. पोरांना माझा आशीर्वाद सांग.

तुझा भाऊजी,
चिमण

ता. क. अक्षर वाकडं आहे ते लकव्यामुळे नाही. शाळेतही असंच होतं.

आणखी ता. क. माझ्या लकव्याच्या आधी आठ दिवस तू फोनवर सांगितलंस की चिकू उतरवताना हातातून काठी गळाली, दहा मिनिटं बोलता येईना, मग आपोआप बरं झालं. मी म्हणालो, खिळा आहे ना दंडावर, मग झालं. काल डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ती लकव्याची आगाऊ सूचना असते, त्यांना ताबडतोब आणा. माझं चुकलं, काकड्या. पत्र घेऊन आलेली मिथुनची जीप तुझ्या दारातच उभी आहे, तिच्यात बस. खिळा मी बांधला होता, मीच सांगतो, सोड. गाठ सुटत नसेल तर जीपमध्ये तुझी बहीण बसलीय.