वरून वाढलेलं पाणी

माय, परवा आमच्या कॉलेजात मला बोलायला उभं केलं होतं. विषय होता पर्यावरण आणि माणसाचे हक्क. माझ्याआधी दोघं बोलले, एक झाडांवर आणि एक वाघांवर. मी राज्यशास्त्र शिकवते म्हणून हक्कांचा भाग माझ्याकडे आला. जगण्याच्या हक्कातच स्वच्छ हवा आणि स्वच्छ पाणी येतं, असं आता न्यायालयंही म्हणतात, हे मी सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं, टाळ्या झाल्या. घरी येऊन साडी बदलताना मनात आलं, की हे मला पहिल्यांदा ज्या बाईकडून कळलं ती कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं पत्र मीच तुला वाचून दाखवायची, आणि तू चुलीपुढून उठायची नाहीस, नुसता भाकरीवरचा हात थांबवायचीस. हेही तसंच ऐक.

आपल्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वढ्याच्या काठाला आड खणायला घेतला. तू दुबलगुंडीहून नुकतीच नांदायला आलेली, दादा पोटात. त्याआधी आपल्या बायका गावातल्या आडापाशी घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या आणि कुणी तरी वरून पाणी ओतेल याची वाट बघायच्या. कुणी आलं तर पाणी, नाही तर नुसतं ऊन. देव घरातून काढले तसं हे उभं राहणंही काढायचं, असं वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. तांबडा मुरूम निघाला, त्याखाली कातळ लागला. बाप्ये खाली फोडायचे आणि बाया वर ओढून काढायच्या. सासूनं नको म्हणताना तूही पाटी उचललीस. पाणी लागलं तेव्हा कुणी ओरडलं नाही म्हणे, सगळे गप उभे राहिले. ही गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस.

मी नववीत होते तेव्हा वढ्याच्या वरच्या अंगाला, डांबरी सडकेला लागून, औषधांच्या पावडरी आणि रंग बनवणारा कारखाना सुरू झाला. गावात आनंद झाला, आपल्या घरात तर फारच. दादाला तिथं पोती उतरवायचं काम मिळालं. पहिल्या पगाराला त्यानं तुला इरकल लुगडं आणलं आणि मला चपला. वर्ष पुरं व्हायच्या आत वढ्याचं पाणी चहासारखं दिसायला लागलं. मग एक दिवस तू तुरीची डाळ शिजत टाकलीस आणि ती शिजेचना. तू जाळ वाढवलास, झाकण काढून हुंगलंस, आणि पातेलं तसंच खाली उतरवलंस. "आडात शिरलंय," एवढंच म्हणालीस. पुढं पोरांच्या अंगावर फोड उठायला लागले. शेजारच्या आत्याची म्हैस वढ्याला पाणी प्याली आणि तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही. गाव उंचावर, गावाचा आड त्याहून वर. तिथलं पाणी जसं होतं तसंच राहिलं.

पंचायतीत वस्तीतले चौघे जाऊन आले. गावानं दया दाखवली. म्हणाले, तुमचं पाणी नासलंय तोवर आमच्या आडावर या, आमच्या बाया वाढतील. म्हणजे घागर खाली ठेवायची, लांब उभं राहायचं. वस्तीतल्या जुन्या बायांना ते लगेच समजलं. आम्हा पोरींना समजायला वेळ लागला, कारण आम्ही ते कधी पाहिलंच नव्हतं.

तू गेली नाहीस. तू टेकडीपलीकडच्या एका मुसलमान बाईच्या मळ्यात जायला लागलीस. मोकळ्या उन्हात डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन ती चढण. ती म्हातारी चाची झाडाखाली खाट टाकून बसलेली असायची. पहिल्या दिवशी तू लांब उभी राहून विचारलंस, तेव्हा तिनं दोरासकट बादली तुझ्या हातात दिली. "भर लेव माँ, पूछना नक्को," म्हणाली. तू ते वाक्य घरी येऊन आम्हाला तिच्याच आवाजात सांगितलंस. पण एका बाईच्या डोक्यावरून घराला किती पाणी येणार. एका दुपारी तू खुरपायला गेलेली, घरात थेंब नाही, आणि भावजय बाळंतपणाला टेकलेली. मी घागर उचलली आणि गावाच्या आडावर गेले.

मला अजून दिसतं ते. एक बाई कठड्यावर उभी आहे, माझ्याहून फार मोठी नाही. दुष्ट नाहीच ती. शाळा कशी चाललीय विचारते, परीक्षा कधी म्हणते, आणि विचारता विचारता वरून धार सोडते, तिच्या भांड्याचा माझ्या घागरीला स्पर्श होऊ नये इतक्या उंचावरून. पाणी माझ्या पायांवर उडतं. मी घागर घेऊन घरी येते, आणि तू दारात उभी.

"कुठनं आणलीस?"

"गावातल्या आडावरनं."

"वरनं वाढलं का?"

"व्हय."

तू घागर माझ्या कमरेवरून उतरवून घेतलीस आणि अंगणातल्या शेवग्याच्या बुडात ओतलीस, सगळी. भावजय भिंतीला टेकून बघत होती, तिचे ओठ सुकलेले. मला रडू आलं. "कामून सांडलीस माय? तहान लागलीय तिला." तू ओरडली नाहीस. रिकामी घागर पालथी घातलीस आणि म्हणालीस, "तहान मलाबी लागती. पर ते पाणी एकदा पोटात गेलं की मान वर व्हत न्हाई. मी काय उगं दगडं वाहिली का, तुझा दादा पोटात असताना?" आणि लगेच दोन घागरी घेऊन टेकडीकडं निघालीस. उन्हं कलली तरी तुझं डोकं त्या चढणीवर दिसत होतं.

दादा आणि तुझं भांडण त्याच आठवड्यातलं. तो जेवायला बसला होता. वस्तीतल्या बाया कारखान्यावर जायचं ठरवायल्यात हे त्याच्या कानावर आलं होतं. "माय, तू नगं जाऊ. फाटकावरला माणूस मला वळखतो. उद्या मला काढलं तर येणाऱ्या लेकराला काय घालू?" तू त्याच्या ताटात भाकरी वाढलीस. "कारखाना बंद करा म्हणलं का मी? चालू दे की. घाण तेवढी तुमची तुमच्यापाशी ठेवा म्हणायलेय." तो म्हणाला, "तुला पाणी पाहिजे, मला पगार पाहिजे." तू म्हणालीस, "दोन्ही पाहिजे. येक द्यायचं न् दुसरं काढून घ्यायचं, ह्याला देणं म्हणत न्हाईत." तो ताटावरून उठला. आज मी मुलांना हक्क शिकवताना सांगते की ते एकमेकांना बांधलेले असतात, एक काढला की दुसरे सैल पडतात. ते वाक्य फळ्यावर लिहिताना मला दादाचं उष्टं ताट दिसतं.

तुम्ही फाटकावर गेलात, दोनदा. आत कुणी घेतलं नाही. मग तुझ्या डोक्यात काय आलं ते तू कुणाला बोलली नव्हतीस. कारखान्याची घाण सडकेखालच्या मोरीतून वढ्यात उतरायची. दिवस चांगला वर आल्यावर तू आणि वस्तीतल्या बाया त्या मोरीशी गेलात आणि दगड, माती, फाटकी पोती घालून ती बुजवायला लागलात. मी शाळेचा गणवेश अंगात असतानाच दगड उचलून देत होते. थोड्या वेळानं घाण वर चढायला लागली. आधी सडकेवर आली, मग सडकेच्या वरच्या बाजूच्या उसात शिरली. एसटी थांबली. लोक नाकाला पदर आणि टॉवेल लावून खाली उतरले. दुपारपर्यंत अख्खं गाव तिथं.

उसाचा मालक, गावातला मोठा माणूस, धोतर वर धरून आला. "अगं, माझ्या उसात शिरायलंय हे. काढा ती दगडं आधी."

तू पदर डोक्यावर घेतलास. "अण्णा, आमच्या आडात शिरायलं तवा तुमाला वास आला न्हाई. आज आला न्हवं? मग आता तुमीच सांगा त्यास्नी, कुठं सोडायचं ते."

तो तिथून सरळ फाटकाकडं गेला, आणि त्याला आत घेतलं. ते मी बघितलं. तूही बघितलंस.

संध्याकाळच्या आत पोलिसांची गाडी आली आणि तुम्हा सगळ्यांना तालुक्याला नेलं. मी तुझा हात सोडला नाही म्हणून मलाही घेतलं. आपला तालुका कर्नाटकातला, ठाण्यात फौजदार कन्नडमधून विचारायचा आणि तू कन्नडमधूनच सांगायचीस, आपल्या घरातल्यापेक्षा हळू आवाजात. कुठल्या पक्षानं पाठवलं, असं त्यानं विचारलं. तू म्हणालीस, तहान लागायला पक्ष कशाला पाहिजे. मग म्हणालीस, "साहेब, पाणी अडवलं म्हणून आमाला हितं बसवलंत. पाणी नासवलं त्यास्नी कुठं बसवलंय?" फौजदार तरुण होता. त्यानं नावं लिहून घेतली आणि सोडून दिलं. बाहेर आल्यावर तू मिरचीची भजी घेतलीस आणि शेवटच्या एसटीत सगळ्या बायांमध्ये वाटलीस. आत्या म्हणाली, "ठाण्यात जाऊन आलो, आता आमी मोठी माणसं झालो." तुम्ही सगळ्या पदरात तोंड घालून हसत होतात. अंगाला सगळ्यांच्याच तो वास येत होता, आणि कंडक्टर तिकीट फाडायलाही जवळ येईना.

कारखान्यानं पुढं घाण साठवायला पक्का हौद बांधला. ऊसवाल्याचं नुकसान भरलं, आपल्या आडाचं कुणी बोललं नाही. वढा हळूहळू निवळला, आड मात्र निवळला नाही. दादाला महिनाअखेर काढून टाकलं. तो बायको-लेकराला घेऊन सोलापूरकडं गेला. तुझ्याशी बोलणं टाकलं. तू त्याच्या नावाची भाकरी कधी कमी थापलीस नाहीस, उरली की मला म्हणायचीस, खा, तुझ्या भावाची हाय.

सरकारनं हातपंप दिला तेव्हा तू पुन्हा भांडलीस. त्यांना तो गावात चावडीपुढं बसवायचा होता. तू इंजिनियरच्या जीपपुढं उभी राहिलीस, आणि पंप वस्तीच्या तोंडाला, गाव आणि वस्ती दोघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसला. दोन पावसाळे कोरडे गेले आणि गावाचा आड आटला. मग एका सकाळी गावातल्या बाया घागरी घेऊन पंपाकडं आल्या. पुढं तीच, जिनं मला वरून वाढलं होतं. आपल्यातली एक म्हणाली, "ठिवा म्हणावं घागरी लांब, आमी वाढतो." दोघी-तिघी हसल्या. सगळ्या तुझ्याकडं बघायला लागल्या. तू पंपाचा दांडा हातातून सोडला नाहीस, मानही वळवली नाहीस. "रांगेत या अक्का," एवढंच म्हणालीस. ती बाई रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं स्वतः दांडा मारला. सूडही नाही आणि उपकारही नाही, असं काही असतं हे मी त्या सकाळी पाहिलं.

तू गेलीस तेव्हा मी गुलबर्ग्याला हॉस्टेलात होते. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी कशामुळं ते नीट सांगितलं नाही, आणि विचारावं कुणाला ते आम्हाला कळत नव्हतं. आडाचं पाणी नासलं तरी सुरुवातीचे महिने तू ते पीत होतीस, चाचीच्या मळ्यातलं आम्हाला द्यायचीस, हे मला आत्यानं नंतर सांगितलं. दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही मला कुणी सिद्ध करून दिलेलं नाही. दादा आला होता. शेवटचे दिवस तोच पंपावरून ताजं पाणी आणून चमच्यानं तुझ्या तोंडात घालायचा. एकदा म्हणे तू त्याचं मनगट धरलंस आणि बराच वेळ धरून ठेवलंस.

हे पत्र कुठं टाकणार. दादाला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, तो आता थकलाय, पण माझ्याच्यानं होणार नाही. आड गावानं बुजवला. त्या जागेवर आता कचरा टाकतात, बाभळी उगवल्यात. माझी मुलगी कडगंचीला विद्यापीठात शिकते, तिला पाण्यावरच काही तरी अभ्यास करायचाय. मागच्या रविवारी तिनं विचारलं, आजीच्या आडाचं पाणी कसं होतं गं. मी लगेच म्हणाले, गोड होतं, असं पाणी पुन्हा कुठं प्याले नाही. तिनं ते लिहून घेतलं.

खरं सांगते माय, मला त्या पाण्याची चव आठवत नाही.