तळाशी राहिलेलं तेल

५ एप्रिल

प्रिय धाकटे,

इकडे सगळं ठीक. लेकीला आता वाकवत नाही, पण दिवसभर बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालते आणि पुन्हा मोडते. तू बाळासाठी घरी बनवून पाठवलेली क्रीमची डबी पोचली. उघडताच संत्र्याचा वास खोलीभर झाला. लेक म्हणाली, "आजीच्या हातांचा वास." डबी मी वरच्या फळीवर ठेवली आहे, तिचा हात पोचणार नाही अशी.

माझ्या मानेवरचं पुरळ अजून आहे. आधी साबणावर संशय घेतला, मग नव्या उशीवर. मी रोज लावते त्या तुझ्या क्रीमचं नाव काढलं तेव्हा फोनवर तू हसलीस. "फुकट मिळालं की लोकांना खाजच सुटते, ताई. संत्र्याच्या सालीचं शुद्ध तेल आहे त्यात, कारखान्यातलं नाही काही." मीही हसले.

पण मागच्या खेपेला तुझ्याकडून थोडं तेल मागून आणलं ना, कपाटात वास राहावा म्हणून? ते कपाटासाठी नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ते पातळ करून माझ्या पाठीवर पट्टीखाली लावलं, शेजारी तसंच ताजं तेल. ताज्याखाली काही नाही. तुझ्या तेलाखाली लालभडक. बाई म्हणाल्या, हवा लागून जुनं झालं की हे तेल बिघडतं, झाडाचं असलं तरी. आणि कातडीनं एकदा मनात धरलं की ती सहसा विसरत नाही.

तू तर तेल नेहमी नवं आणतेस. मग जुनं कुठून आलं? विचार करता करता आठवलं. नवं तेल तू आईच्या बाटलीत ओततेस. आई गेल्यापासून ती रिकामी होऊ दिली नाहीस, तळाशी तिनं भरलेलं थोडं राहावं म्हणून. बूचही सैलच, जाता-येता वास घेता यावा म्हणून.

आणखी एक. त्याच खेपेला, एवढ्या उकाड्यात तुझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. भांडी घासतानाही वर केल्या नाहीस. तुला ठाऊक होतं का गं? ठाऊक असून बाळाची डबी भरलीस?

नाही म्हण. पण समोर बसून म्हण.

बाटली फेकू नकोस. घट्ट बूच लावून घेऊन ये, दोघी मिळून एकदा वास घेऊ. त्यातला थेंब मात्र आता कुणाच्या अंगाला लागायचा नाही, तुझ्याही. ये, आणि बाह्या दुमडून ये.

संशय घेऊनही तुझीच,
ताई