ह्यांच्या हातात दिलेला गज

सोमवार, दिवेलागण. शुक्रवार पेठ.

मी सांगते, नात लिहिते. शिल्पे, मधी तुझं शहाणपण घालू नको.

आज हिनं मोबाईलवर चिनी वाद्य दाखवलं, एर्हू. दोनच तारा, खाली सापाचं कातडं, मांडीवर टेकवून वाजवतात. आवाज माणूस हुंदके देतंय तसा. पण माझी नजर तारांवर घासायच्या त्या गजावरच. तो दोन तारांच्या मधीच अडकलेला, बाजूला काढताच येत न्हाय.

ह्यांच्या व्हायोलिनचा गज मोकळा. म्हणून तर ह्यांना माती दिली तेव्हा मी गज ह्यांच्या हातात ठेवला आणि व्हायोलिन घरी ठेवून घेतलं. तेवढं तरी माझ्याजवळ राहावं. तेव्हापासून ते मुकं हाय.

चिनी वाद्य असतं तर? सगळंच द्यावं लागलं असतं, न्हायतर काहीच न्हाय.

मग ही हळूच म्हणाली, "आज्जी, नवा गज आणू? मला शिकायचंय."

ह्यांच्या व्हायोलिनवर परका गज? पण मोकळा गज म्हणजे दुसराबी चालतो की.

आण म्हटलं. बेसूर वाजलं तर लाजू नको, पोरी. ह्यांचंबी आधी तसंच वाजायचं, आणि मला लई करून तेच आठवतं.