डावा माठ

रविवार, ९ ऑगस्ट १९६४, पांढरकवडा
गेल्या रविवारी ‘दोन्ही स्पीकर अगदी सारखे वाजले’ असं लिहिलं, ते चूक आहे. डावा कमी वाजतो. आनंदाच्या भरात लिहून गेले. शाळेत घालण्याआधी बाबांनी घरीच अक्षरं शिकवली, तेव्हाच सांगितलं होतं की चुकलेलं खोडू नये, खाली बरोबर लिहावं.

अ‍ॅम्प्लिफायर हायवेवरच्या गॅरेजवाल्या हिरासिंगभाऊंनी जोडून दिला. रेकॉर्ड प्लेअर जुना, पण चांगला. स्पीकरच्या पेट्यांऐवजी दोन माठ, प्रत्येकाच्या तोंडावर एक स्पीकर. मधोमध खुर्चीत बसलं की सनई बरोबर समोरून ऐकू यायला हवी. ती उजवीकडून येते.

बुधवार, १२ ऑगस्ट
स्पीकर अदलाबदल केले. तरी डावाच कमी. म्हणजे माठ कच्चा भाजलेला. स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ रिकामा करून तिथे लावला. आता आम्ही बादलीतलं पाणी पितो. फार दिवस नाही.

रविवार, २३ ऑगस्ट
वायरी उलट्या लावल्या. फरक नाही. हिरासिंगभाऊंना बोलावलं. ते माझ्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, सनई मधोमधच वाजून राह्यली. ट्रकचे हॉर्न दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या कानावर किती विश्वास ठेवायचा?

शनिवार, ५ सप्टेंबर
टेलिफोन एक्स्चेंजचं पत्र आलं. ऑपरेटर म्हणून निवड झाली. फक्त मेडिकल बाकी, ५ ऑक्टोबरला यवतमाळला. बाबांनी पत्र सगळ्या मोहल्ल्याला वाचून दाखवलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी.
ऑपरेटरला कान लागतो. माझा जरा जास्तच तीक्ष्ण आहे, नाहीतर माठांतला इतका बारीक फरक दुसऱ्या कोणाला कळला असता? मेडिकलच्या आधी सेट निर्दोष करायचाच.

रविवार, १३ सप्टेंबर
उजव्या भिंतीवर गोधडी टांगली. उपयोग नाही.
आईचा आवाज हल्ली बसला आहे. हाक मारते ती कळतच नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं. तिने केल्या.

रविवार, २० सप्टेंबर, सकाळ
खुर्ची उलटी फिरवली, तोंड दाराकडे. आता जो उजवा माठ होता, तो डावीकडे आला. आणि तोच कमी वाजायला लागला. याचा अर्थ दोन्ही माठ खराब.
हिरासिंगभाऊंना पुन्हा बोलावलं. त्यांनी सेटला हातच लावला नाही. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माठ राहू द्या, ताई. कान दाखवा.”
त्यांना यापुढे येऊ नका, असं सभ्य शब्दांत सांगितलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आईला त्यांचा आगाऊपणा सांगितला. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.
“तो आज बोलला. मी तं उन्हाळ्यापासून तुह्या उजव्या बाजूनंच बोलून राह्यली.”
मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं.
“तुह्या बाबाले काय सांगू?” म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मंगळवार, २२ सप्टेंबर
सेट झाकून ठेवला. त्याआधी डाव्या कानात बोट घालून सनई ऐकली, तर काहीच बदललं नाही. उजव्या कानात घातलं. पुन्हा तसं करणार नाही.
अर्जात ‘ऐकण्यात काही दोष?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं, म्हणून ते खोटं धरता येणार नाही. बाबांनाही असंच वाटलं असतं. त्यांना विचारलेलं नाही.
रिसीव्हर उजव्या हातात धरायचा सराव करते आहे. डॉक्टर डाव्या बाजूला उभे राहिले तर त्यांच्या ओठांकडे बघायचं.
कान मात्र दाखवणारच. यात चालढकल नाही. मेडिकल सोमवारी आहे. यवतमाळला जातेच आहे, तर रात्री मावशीकडे राहीन आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ६ ऑक्टोबरला, सकाळी दवाखाना उघडल्याबरोबर कान दाखवीन.