विड्याच्या तबकातलं पाकीट

शारजा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. नीलिमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताची बोटं अजून माझं ऐकत नाहीत, म्हणून फिजिओवाल्या शहनाझने रोज एक पान हाताने लिहायची शिक्षा दिली आहे. पत्र तीच पोस्टात टाकणार आहे. उत्तरही तिच्या क्लिनिकच्या पोस्ट बॉक्सवरच पाठव. आमच्या घरात फोन स्पीकरवर चालतो आणि पत्रं फोडूनच हातात पडतात.

गौरीजेवणाच्या दिवशी मी पुरणाच्या डब्यासकट कोसळले आणि डोक्यातल्या शिरेत गुठळी निघाली, एवढंच तुला कळलंय. त्याआधी तीन दिवस डोकं फुटत होतं. उपासाने होत असेल म्हणून मी बाम चोळत राहिले. हिमोग्लोबिन सात निघालं आणि लोहाचा साठा जवळजवळ शून्य. वर्षभर मी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावत होते, तेही त्याचंच लक्षण म्हणे. मी डॉक्टर मरियमना विचारलं, रक्त कमी असलेल्या बाईचं रक्त गोठेलच कसं? त्या म्हणाल्या, लोह संपलं की कित्येकदा शरीर प्लेटलेट्स भरमसाट बनवायला लागतं. माझ्या साडेसहा लाख झाल्या होत्या. मग रक्त गोठायला निमित्तच शोधत असतं.

निमित्त सासूबाईंनी दिलं. गौरी विटाळायला नकोत म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, दिवसाला तीन, सलग अकरा दिवस. समोर उभं राहून गिळायला लावल्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू होतं का? माझ्या नवऱ्याने, सुजीतने, माझ्याकडे न बघता सांगितलं, नथिंग डॉक्टर, ओन्ली मल्टिव्हिटॅमिन. ऑक्टोबरमध्ये एकटी गेले तेव्हा मी खरं सांगितलं. डॉक्टर मरियमनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं. दोन्हीपैकी एकच असतं तर कदाचित निभावलं असतं, म्हणाल्या.

आता सासूबाई येईल-जाईल त्याला सांगतात, हिला पालेभाजी नको, खजूर नको, ओढवून घेतलंन स्वतःवर. जानेवारीत दिराचं, दर्शनचं लग्न आहे. येणाऱ्या पोरीच्या हातातही तेच पाकीट पडणार. ते मी पडू देणार नाही. आणि माझ्या या हाताचं उट्टं काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

बाकी ठीक. आपुलकी आहे तशीच ठेव.

तुझी,
अनु

सांगली,
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनुराधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनही वेळा ताटावरून उठले. अक्षर आमच्या दुसरीच्या पोरांसारखं आलंय, पण हरकत नाही, शेवटच्या ओळी सरळ आहेत. त्या बाईचं मला पहिल्यापासून लक्षण ठीक वाटत नव्हतं. बैठकीत आपल्या बाबांना तिने खुर्ची दिली नव्हती, आठवतंय ना?

मी इथे दर सोमवारी शाळेत मुलींना लोहाच्या गोळ्या वाटते. तोंड उघडून दाखवल्याशिवाय एकीलाही वर्गाबाहेर सोडत नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीला हिमोग्लोबिन सात. लाज वाटली मला. गेल्या वर्षी दिवाळीला आली होतीस तेव्हाच तुझे डोळे पांढरे दिसले होते. तेव्हाच कान धरून रक्त तपासायला न्यायला हवं होतं.

तू आता गप्प बसू नकोस. चारचौघांत तिचं पितळ उघडं पाड. एकांतात बोलशील तर ती रडून मोकळी होईल आणि तूच वाईट ठरशील. चार प्रतिष्ठित बायका जमल्या की त्यांच्यासमोर बोल. सुजीतलाही सोडू नकोस. मात्र गोळ्या कुठून आल्या, कुणी आणल्या, या फंदात पडू नकोस. त्याने विषयाला फाटे फुटतात. देणारीला धर.

इंजेक्शनातून लोह घेते आहेस ना? जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस. देवदत्त मावशीला नमस्कार सांगतो.

तुझ्या पाठीशी आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

शारजा,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

लोहाच्या दोन सलाइन झाल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पाळीत अंगावरून इतकं जायचं की चढलेलं हिमोग्लोबिन पुन्हा उतरायचं. आता कुठे दहावर थांबलंय. चमचा धरता येतो. चपाती लाटता येत नाही, आणि ती लाटून मिळत नाही याचा सासूबाईंना राग आहे.

नवी जाऊ शुभ्रा आली. गोड आहे, पुण्याची आहे, आणि परवा मी तिला फ्रीजरसमोर उभी राहून बर्फ चावताना पाहिलं. जेवताना सासूबाई तिला म्हणाल्या, यंदा तुझी पहिली गौर, तारखेचं बघून ठेव, अडचण येणार असेल तर माझ्याकडे उपाय आहे.

तो उपाय मी शोधला. सासूबाई सुजीतबरोबर रास अल खोरच्या गोदामात मसाल्याचा माल बघायला गेल्या तेव्हा त्यांचा खण उघडला. इथे चिठ्ठीशिवाय या गोळ्या कुणी देत नाही, म्हणून मला नवल वाटायचं. पाकिटावर किंमत रुपयांत आहे. ते ज्या कागदी पिशवीत होतं ती तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलची आहे. आईच्या औषधांसाठी मी त्या पायऱ्या शंभरदा चढले आहे.

जास्त लिहीत नाही. तू पाठवल्यास का, एवढंच सांग.

अनु

सांगली,
१४ मार्च २०२५

चि. अनुस,
अनेक आशीर्वाद.

हो, मी पाठवल्या.

जुलैत तुझ्या सासूचा फोन आला. भाजणीच्या डब्यात दोन पाकिटं टाक, म्हणाल्या, इथे मिळत नाहीत. बहिणीच्या सासरचं काम, नाही कसं म्हणू? मी स्वतः सत्यनारायणाला तीनदा घेतल्या आहेत, मला काही झालं नाही. तुझं रक्त किती आहे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. दर सोमवारी दोनशे मुलींना विचारते, तुला विचारलं नाही. तू पडल्याचं कळलं त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. आधीच्या पत्रात एवढी बडबड केली तीही भीतीने केली, हे आता कबूल करते.

तुझ्या सासूचं काय करायचं ते कर, माझी हरकत नाही. पण अनु, माझं नाव त्यात आणू नकोस. देवदत्तसाठी पुण्याची स्वानंदी म्हणून मुलगी सांगून आली आहे, घर फार चांगलं आहे, बोलणी शेवटावर आली आहेत. तिची मावशी तुमच्याच शारजात असते, सगळ्यांकडे जाणं-येणं आहे तिचं. तिच्या कानावर गेलं तर संपलंच. शाळेतही तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.

माया पातळ करू नकोस.

तुझीच,
ताई

शारजा,
५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

सहा महिने उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं आता घडलं.

सोमवारी गौरीजेवण झालं. दुबईहून, अजमानहून मिळून चाळीस पानं. या वर्षीचं पाकीट सासूबाईंनी कुणा तिसरीकडून मागवलं होतं. शुभ्राने ते घेतलं, मान डोलावली, आणि माझ्या हातात आणून दिलं. त्याआधीच मी तिला तपासायला नेलं होतं, तिचं हिमोग्लोबिन आठ आहे. तिने एकही गोळी घेतली नाही. मीही कशाला घेते? माझी यायची तेव्हा आली.

पुरण मी शिजवलं. नैवेद्य मी दाखवला. पंगत मी वाढली, डाव्या हाताने नाही, याच हाताने. सगळ्यांचे हात धुऊन झाले तेव्हा विड्याच्या तबकात ते पाकीट ठेवून मी फिरवलं. आज माझा दुसरा दिवस आहे, असं सांगितलं. मागच्या वर्षी हे गिळून मी शुद्ध होते आणि आयसीयूत गेले, यंदा अशी आहे आणि तुम्ही पोटभर जेवलात, तेव्हा गौरी कधी जास्त खूश होत्या ते तुम्हीच ठरवा, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं, तरी शुभ्रा उठून उभी राहिली आणि माझा पहिला आहे म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा बघायला तू हवी होतीस. सुजीतने आवाज चढवला, तेव्हा मी मल्टिव्हिटॅमिनची गोष्टही सांगून टाकली, त्याच्या गोदामातल्या पार्टनरांसमोर. तो गाडीची किल्ली घेऊन खाली गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्षभर मी त्या क्षणासाठी बोटं हलवायला शिकत होते. मग अजमानच्या सदानंदकाकांच्या पत्नी जवळ आल्या. वीस वर्षं दर गणपतीला त्या हेच घेतात. पायाला सूज येते ती यामुळे का, विचारत होत्या. मी म्हटलं, उद्याच डॉक्टर मरियमकडे जा, लोहही तपासा. आणखी दोघींनी फोन नंबर घेतला.

तेवढ्यात एकीने विचारलं, इथे मिळत नाहीत तर ही पाकिटं येतात कुठून? मी थांबू शकले असते. तुझं पत्र मला पाठ आहे. पण मी तुझं नाव घेतलं, शाळेच्या नावासकट. मुलींना सोमवारी लोह भरवते तिने आपल्या बहिणीला डब्यातून हे पाठवलं, असं सांगितलं. स्वानंदीची मावशी माझ्यासमोरच बसली होती. ती योगायोगाने आली नव्हती. तू कळवलंस तेव्हाच मी तिचा नंबर शोधला आणि आमंत्रण केलं.

तू पाया पडलीस ती देवदत्तच्या लग्नासाठी. त्या पत्रात माझ्या हाताबद्दल एक ओळ नव्हती.

देवदत्तला आशीर्वाद. या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं तर घरच्या पत्त्यावर पाठव, आता माझी पत्रं कुणी फोडत नाही. लोभ ठेवायचा की नाही हे तू ठरव.

अनुराधा