रोशनीबद्दलचा अहवाल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

हर्षितचा फोन! मुंबईत व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढती भरवतो तो. माझ्याकडे शिकणाऱ्या रोशनीशी दोन वर्षांचा करार करायचाय म्हणाला. बँकॉकला सराव, बाहेरच्या देशांत लढती. "पण मॅडम, आधी तुमचा अहवाल हवा. पोरगी कुठवर जाईल ते खरं खरं लिहा." आणि अगदी शेवटी — "कोच म्हणून सोबत तुम्हीच याल."

मी, भावना! राज्य स्पर्धेच्या पुढे कधी न गेलेली. शाळेत पी.टी. घेणारी.

रोशनीला सांगितलं तेव्हा ती दोरीवरच्या उड्या मारत होती. थांबली नाही. "खरं का, ताई?" एवढंच. मग उड्यांचा वेग वाढला.

४ नोव्हेंबर

अहवाल लिहायला बसले. वय एकवीस, उंची पाच फूट चार, पाच लढती, पाच विजय. पुढे सुचेना.

५ नोव्हेंबर

हर्षितला लिहायचं ते आधी इथे लिहून बघते.

पेपरात आलं होतं, गावचे, वैशाखऱ्याचे डोंगर चढून तिचे पाय तयार झाले. खोटं! पाय तिने इथे सापगावला माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार केले — चार वर्षं, निम्मा वेळ रडत. जॅबचा ठोसा चांगला. ताकद बेताची. पण एक गोष्ट तिच्याकडे आहे जी मला शिकवता आली नसती, कारण ती माझ्यातच नव्हती. थांबणं. समोरची चिडेपर्यंत ही थांबते. ती चिडली की आत शिरते. असं थांबू शकणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. ही पुष्कळ पुढे जाईल.

इथवर लिहून बरं वाटलं. मग पुण्याची, गेल्या महिन्यातली लढत फोनवर लावली. चौथ्या राऊंडमध्ये समोरचीचा उजवा हात तीनदा बसला. तिन्ही वेळा रोशनीच्या डाव्या बाजूने. आणि रोशनी डोकं हलवतच नाही. पापणीसुद्धा लवत नाही. येणारा ठोसा दिसला की माणूस आक्रसतो, कितीही धीट असो.

जिंकलो म्हणून त्या दिवशी मी नाचले होते. आज तेवढाच राऊंड पाच वेळा बघितला.

७ नोव्हेंबर

सराव संपल्यावर तिला भिंतीकडे तोंड करून उभी केली. उजवा डोळा झाक म्हटलं. मी डाव्या अंगाला उभी राहिले. "किती बोटं?"

"दोन, ताई."

मी हात वर केलाच नव्हता.

"कधीपासून दिसत नाही?"

"जरा काळं दिसतं कडेला. होईल बरं. आत्ता कुनाला बोलू नका ना, करार होऊ दे."

ओरडले तिच्यावर. खूप ओरडले. मग दोघींचा भात टाकला.

१० नोव्हेंबर, सोमवार

कल्याण. डोळ्याचा डॉक्टर. बराच वेळ बघत होता. डाव्या डोळ्याचा पडदा कडेने सुटलाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल, आहे तेवढी नजर राखायला. "आणि बॉक्सिंग?" मी विचारलं. तो रोशनीकडे बघून म्हणाला, "एक ठोसा बसला तरी हा डोळा जाईल, बाळ."

मार कधी लागला विचारलं, तर म्हणे, "आठवत नाय."

परतताना जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिच्या डाव्या बाजूला. खांद्यावर हात ठेवला तर केवढ्याने दचकली!

११ नोव्हेंबर

हर्षितचा मेसेज: अहवाल?

फोन पालथा ठेवला.

१२ नोव्हेंबर

रोशनी सकाळीच आली. "एकच लढत, ताई. बाहेर एकदा लढते, मग ऑपरेशन करते. फिटनेसच्या तपासणीत नाय कळत, पुण्याला तरी कुठं कळलं?"

नाही म्हटलं.

"तुमाला भीती वाटते. तुमी कधी गेला नाय ना पुढं!"

बोलली आणि तिचंच तोंड उतरलं. मला राग नाही आला. वाईट याचं वाटलं की क्षणभर मी खरंच हिशेब केला — बँकॉक, मी रिंगच्या कोपऱ्यात उभी, अंगात कोचचं जाकीट. एक लढत. क्षणभरच. पण केला.

दुपारी हर्षितला अहवाल पाठवला. थांबण्याबद्दल लिहिलं ते सगळं ठेवलं. खाली एक ओळ: डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आहे, हिने पुन्हा रिंगमध्ये उतरू नये.

त्याचा फोन आला. "अरेरे, मॅडम." मग विषय बदलून दुसरंच काहीतरी बोलला.

१३ नोव्हेंबर

तिने इथली भाड्याची खोली रिकामी केली. गावी जायला मुरबाडच्या गाडीत बसली. मी फाट्यावर उभी होते. बघितलं नाही माझ्याकडे. की दिसलेच नाही मी, कोण जाणे.

१८ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. तिची आई गंगी हिचा फोन. नजर आहे तेवढी राहील म्हणतात. मी येते म्हटलं, तर म्हणाली, "आत्ता नको, बाई. पोर भिंतीकडे तोंड करून झोपते नुसती."

शेडमध्ये कोणी फिरकलं नाही. मीच उघडली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

न राहवून वैशाखऱ्याला गेले. गंगी खळ्यात भात झोडत होती. रोशनी आत झोपलेली. गंगी म्हणाली, "तिच्यावर राग धरू नका, बाई. तुमाला कळू नये म्हनूनच ती गप रायली."

काय कळू नये?

"सरावात तुमचाच हात लागला ना डोळ्याला. श्रावणात. तवापासनं हाय ते."

घरी येऊन ही वही मागे उलटली. १२ ऑगस्ट. माझंच अक्षर. 'सरावाचे मोठे, जाड गादीचे ग्लोव्हज वाळले नव्हते, लहान पातळच घातले. रोशनीला माझा उजवा असा बसला की ती खालीच बसली. चव्वेचाळीस वर्षांची झाले, तरी हातात जोर आहे अजून! दिवस छान गेला.'